उल्कावीराच्या कोटाची बटणं

मास्तरांच्या थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षी मास्तर वाचायला शिकले. वय एकोणसाठ. जुळ्याचा आणि अक्षरांचा काय संबंध, असं कुणीही विचारील. पण संबंध होता, आणि चांगला घट्ट होता.

झालं असं, की मुलीच्या मदतीला मास्तरांची बायको गेली ती पाच महिने तिकडेच राहिली. दर आठवड्याला तिचं पत्र यायचं. मास्तर जन्मभर शिंपी. मापं त्यांच्या डोक्यात राहायची आणि आकडे टेपवरून कळायचे, त्यामुळे अक्षरांवाचून त्यांचं कधी अडलं नव्हतं. आता अडलं. पत्र वाचायला मेव्हण्याला बोलवावं लागायचं. मेव्हणा गॅसची सिलिंडरं पोचवायचा. दोन्ही खांद्यांवर दोन घेऊन तीन मजले चढायचा आणि वर जाऊन गाणं म्हणायचा. सगळे त्याला डोंगर म्हणत. डोंगराचा आवाजही डोंगराएवढा. भर दुकानात, दोन गिऱ्हाइकं मापं द्यायला उभी असताना, तो पत्र उघडायचा आणि गरजायचा, "'ह्यांना म्हणावं, बनियन रोज बदला.' भावोजी, बदलता का?"

तिसऱ्या पत्राला मास्तरांनी ठरवलं, की बास.

त्याच सुमारास दुकानाच्या वरच्या खोलीत एक चित्रकारबाई राहायला आल्या होत्या. पन्नाशीच्या, एकट्या, बोटांना कायम शाई. त्या 'उल्कावीर' नावाचं कॉमिक काढत. पडद्याला खालून दुमड घालून हवी म्हणून त्या दुकानात आल्या, आणि हातातली चित्रांची पानं त्यांनी कापडं बेतायच्या टेबलावर ठेवली. मास्तरांची नजर गेली. तांबड्या पोशाखातला एक दांडगा माणूस आभाळातून नुकताच गच्चीवर उतरला होता.

"ह्याचा गुडघा लोंबलाय," मास्तर म्हणाले.

बाई पडदा विसरल्या. "काय म्हणालात?"

"गुडघा. उतरताना वाकला असेल, तेव्हा कापड ताणलं. आता उभा राहिलाय, पण कापड अजून सरळ झालेलं नाही. आणि काखेत बघा, शिवण ओढते आहे. उडायचं तर हात वर करायचे. काखेत जोड दिला नाही तर दोन उड्यांत उसवेल."

बाई तिथल्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "वीस वर्षं चित्रं काढते आहे मी. लोक म्हणतात, काय दंड काढलेत! गुडघा आजवर कुणी पाहिला नव्हता."

तिथून दोस्ती जमली. पडद्याची शिलाई म्हणून बाईंनी मास्तरांना अक्षरं शिकवायचं कबूल केलं. आणि पाटीपेन्सिल नाही की धडा नाही, थेट उल्कावीराचं पान. मास्तरांच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. शिकाऊ असताना मशीनची सुई त्यातून आरपार गेली होती, तेव्हापासून ते तसंच उगवायचं. ते फाटकं नख मास्तर एकेका अक्षराखालून सरकवायचे. त्यांनी आयुष्यात पहिला वाचलेला शब्द 'धाड'. भिंत पडत होती आणि अक्षरं वीटभर मोठी होती. दुसरा 'थांब'. चार महिन्यांनी बायकोचं पत्र आलं ते त्यांनी दाराकडे पाठ करून एकट्याने वाचलं. डोंगराने फार गळ घातली, पण त्यात काय होतं ते मास्तरांनी आजतागायत सांगितलेलं नाही. बनियन मात्र बदलला.

आता त्या चित्रांबद्दल सांगायला हवं. दुसऱ्या कॉमिकांत वीर लढतो, त्याचा पोशाख फाटतो, आणि पान उलटलं की पुन्हा कोरा करकरीत. बाईंचं तसं नाही. तिसऱ्या अंकात उल्कावीराचं कोपर फाटलं, तर चौथ्यात तिथे रफू दिसलं आणि पुढे कायमचं राहिलं. त्याने बस उचलली, की चार चौकटींनंतर तो एका खांबाला टेकून कंबर चोळायचा. पावसात त्याचा झगा फडफडायचा नाही, ओल्या घोंगडीसारखा पाठीवर लोंबायचा आणि टाचेवर पाणी गळायचं. सुती कापड भिजलं की कसं लटकतं आणि लोकर भिजली की कशी, हे मास्तरांना चाळीस वर्षं हाताळून कळलं होतं. बाईंना ते नुसत्या पेन्सिलीने कळायचं. मास्तर पान पाहताना मधूनच "अरे वा" म्हणायचे. चांगल्या विणीच्या कापडावरून हात फिरवताना त्यांच्या तोंडून असाच "अरे वा" निघायचा.

दर गुरुवारी सकाळी, शाई चढवायच्या आधी, बाई पेन्सिलीची पानं घेऊन खाली यायच्या. मास्तर पान टेबलावर पसरायचे, कोपऱ्यावर कात्री ठेवायचे आणि चष्मा लावून कापड तपासायचे. हा ताण इथे नको, तिथे हवा. हे अस्तर दिसणार नाही. ही कॉलर पळताना नीट बसलेली कशी राहील? बाई खोडायच्या, नव्याने काढायच्या.

चौथ्या अंकात उल्कावीर खाटेवर बसून आपलं कोपर स्वतः रफू करतो, असं एक मोठं चित्र होतं. नुसते हात, सुई आणि कापड. मास्तरांनी ते बराच वेळ पाहिलं.

"रफू झकास. एक धागा वर, एक खाली, कुठे चुकलेला नाही."

"अजून काही?" बाईंनी विचारलं. त्या जरा वाट पाहत उभ्या होत्या.

"अजून काय? दोरा थोडा लांब घेतलाय. गाठ पडेल."

बाई हसल्या आणि वर गेल्या.

बाईंची दुसरी एक रीत होती. मनातून माणूस काढायचा नाही. समोर खरा उभा करायचा, मग काढायचा. उल्कावीराचं तोंड आणि देह डोंगराचा. मास्तरांनी त्याच्या मापाचा खराखुरा तांबडा पोशाख शिवला होता, आणि तो घालून डोंगर दुकानात उभा राहून बिस्किटं खायचा. "भावोजी, काखेत मोकळं वाटतंय," असं म्हणून एकदा त्याने दोन्ही हात वर केले आणि दिवा फोडला. औषधाच्या दुकानाचा मालक दुष्ट शास्त्रज्ञ झाला, त्याची बायको म्हणाली, "हुबेहूब! नजरसुद्धा तीच." शाळेच्या मोठ्या बाई नगराध्यक्ष झाल्या. न्हावी सातव्या अंकात बुडून मेला, आणि ते पान त्याने आरशाला चिकटवून ठेवलं. दाढी करताना तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "हा बघा, हा तरंगतोय तो मी."

असं करता करता अख्खी गल्ली उल्कावीरात गेली. राहिले एक मास्तर.

पहिली दोन वर्षं त्यांनी मनावर घेतलं नाही. येईल आपलीही पाळी. मग नवा अंक आला की ते आधी गर्दीच्या चौकटी शोधू लागले. बसच्या रांगेत? नाही. जळत्या इमारतीच्या खिडकीत? तिथे दूधवाला. बायको केव्हाच परत आली होती. तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

"काय शोधताय?"

"काही नाही. कापड बघतोय."

"भिंग लावून?"

"बारीक विणीचं आहे."

"अहो, बाईंना सरळ सांगा ना."

"मी कशाला सांगू? मी काय न्हावी आहे?"

"आणि तुमचं तोंड काढायचं तरी कसं? कधीही बघावं तर टाचण्या धरलेल्या."

मास्तर काही बोलले नाहीत, कारण तोंडात टाचण्या होत्या.

मग बातमी आली, की उल्कावीर बंद होणार. प्रकाशकाला चकचकीत, नव्या पद्धतीची चित्रं हवी होती. शेवटचा एक जाडजूड अंक आणि संपलं. त्या अंकात महापूर येतो आणि उल्कावीर सगळ्या गावाला वाचवतो, अशी गोष्ट होती. म्हणजे सगळं गाव येणार. मास्तरांनी केस कापून घेतले. बाई जिन्यावरून उतरताना दिसल्या, की ते खिडकीशी, उजेडात, मान थोडी वर करून बसायचे.

गुरुवारामागून गुरुवार पानं येत गेली. पुरात औषधवाला वाहत आला. न्हावी एकदा मेला होता तरी त्याचा भाऊ म्हणून पुन्हा आला. गल्लीतलं काळं मांजर आलं, छपरावर, कान एक फाटका तो फाटकाच. आणि एका पानावर शिंप्याचं दुकान आलं. गुडघाभर पाणी, मास्तरांचं मशीन, पायाने चालवायचा तोच घासलेला पायटा, कोट चढवायचा तोच पुतळा, छातीवर टाचण्यांची भोकं असलेला. मास्तरांनी चौकटीचा कोपरान् कोपरा पाहिला. दुकानात माणूस नव्हता.

"मशीन चांगलं आलंय," ते म्हणाले. आणि त्यांनी पान परत केलं.

पुढच्या गुरुवारी बाईंनी शेवटचं पान आणलं. पानभर एकच चित्र. पूर ओसरलाय. उल्कावीराने आपला लांब कोट एका कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्याच्या अंगावर चढवलाय आणि समोर उभा राहून तो बटणं लावतोय. चेहरे नाहीतच. कोटाची छाती आणि बटणं लावणारे दोन हात.

मास्तरांनी कात्री ठेवली, चष्मा लावला, आणि चूक त्यांना लगेच दिसली. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू वर येते, बायकांच्या कोटाची उजवी. इथे पुरुषाचा कोट, आणि उजवी बाजू वर. शिकाऊ पोराला पहिल्या आठवड्यात कान पिळून शिकवतात ती गोष्ट.

"कसं आहे?" बाईंनी विचारलं. "हे पान मला फार नीट हवंय, मास्तर."

मास्तरांना छपरावरचं मांजर आठवलं. चष्मा काढला, पुसला.

"ठीक आहे," ते म्हणाले.

"नक्की?"

"ठीक आहे म्हटलं ना."

बाई पान घेऊन वर गेल्या. मास्तर दिवसभर एका पँटीची एकच शिवण उसवत आणि घालत बसले.

महिन्याभराने अंक छापून आला. डोंगराने गठ्ठा खांद्यावरून आणला आणि गल्लीत वाटला. न्हाव्याने दुकान बंद करून वाचला. मास्तरांनी आपला अंक ड्रॉवरमध्ये टाकला, वर खडूचा डबा ठेवला, आणि चार दिवस त्या ड्रॉवरला हात लावला नाही. खडू लागला तेव्हा डोंगराकडून काढून घेतला.

पाचव्या दिवशी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मास्तरांनी अंक काढला आणि सरळ शेवटचं पान उघडलं. छापून ती चूक आणखी मोठी झाली होती. हजारो घरांत हे पान गेलं असेल. आपल्या डोळ्यांसमोरून गेलं, आपण पाहिलं आणि जाऊ दिलं. चाळीस वर्षांत उलट्या बाजूचं एक काज मास्तरांच्या दुकानातून बाहेर गेलं नव्हतं. वाचताना ठेवायचे तसं त्यांनी बोट त्या चुकीच्या काजावर ठेवलं, आणि बोटाशेजारी बोट आलं.

चित्रातल्या बोटाचं नख मधोमध दुभंगलेलं होतं.

मास्तरांनी बोट उचललं. पुन्हा ठेवलं. फाटक्या नखाशेजारी फाटकं नख. मग उजवा हात पाहिला: अंगठ्याच्या बुडाशी कात्रीने पडलेला घट्टा, तोही होता. करंगळी कापड धरताना बाहेर काढायची त्यांची सवय, तीही होती. ते उठले आणि कपाटातून जुने अंक काढून जमिनीवर पसरून बसले. रफू करणारे हात. लहान मुलीच्या बुटाची नाडी बांधणारे हात. जखमेवर पट्टी गुंडाळणारे, सुईत दोरा ओवणारे, आंधळ्याच्या हातात काठी देणारे. प्रत्येक अंकात होते. त्या रफूचे धागे त्यांनी एकेक करून मोजले होते, आणि सुई कुणाच्या हातात आहे ते पाहिलं नव्हतं.

बायको चहा घेऊन आली. पाहते तर मास्तर जमिनीवर, भोवती कॉमिकं.

"हे हात माझे आहेत," मास्तर म्हणाले.

"मग? कुणाचे असणार?"

"तुला माहीत होतं?"

"अख्ख्या गल्लीला माहीत आहे. न्हावी तर गिऱ्हाइकांना तुमचं नख दाखवतो." मग तिचा चेहरा बदलला. "म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं? अहो, मला वाटलं तुम्हाला मोठेपणा मिरवायला आवडत नाही. मी चार जणींना सांगितलं, आमच्या ह्यांना जराही गर्व नाही म्हणून!"

"मग बाईंना सरळ सांगा म्हणालीस ते?"

"ते तोंडाचं बोलत होते. तोंड राहिलंच होतं की."

चहा तसाच ठेवून मास्तर जिना चढले. अंक हातातच होता. बाईंची खोली लहान, सगळीकडे कागद, खिडकीपाशी तिरपं टेबल. बाई ब्रश धूत होत्या.

"कोटाची बटणं चुकली आहेत," मास्तर दारातूनच म्हणाले. "पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते."

बाईंनी अंक घेतला, पाहिला आणि कपाळावर हात मारला. "डॉक्टरीणबाईंचा कोट! तुम्ही त्यांचा कोट पुतळ्याला घालून बटणं लावत होतात. मी जिन्यातून पाहून हात टिपून घेतले, आणि त्याबरोबर कोटही तसाच आला." त्यांनी मान हलवली. "आणि आपल्या दोघांच्याही नजरेतून सुटलं."

इथे मास्तरांना खाली उतरता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं.

"माझ्या नजरेतून नाही सुटलं," ते म्हणाले. "मला तेव्हाच दिसलं होतं. मी गप्प बसलो."

बाईंनी ब्रश ठेवला.

"न्हावी दोनदा आला," मास्तर म्हणाले. "मांजर आलं. माझं मशीन आलं, पुतळा आला. मी नाही. मला राग आला होता. हात मी आज पाहिले, आत्ता, खाली."

बाईंनी अंक मिटून टेबलावर ठेवला. "शेवटचं पान होतं, मास्तर," त्या म्हणाल्या. एवढंच. मास्तरांना कुणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग बाईंनी विचारलं, "पण खरंच आज पाहिलेत? इतकी वर्षं मी पान तुमच्यापुढे ठेवत होते. रफूचं पान आणलं त्या दिवशी मी वाट बघत उभी होते, की आता म्हणाल, आता म्हणाल. तर तुम्ही म्हणालात, दोरा लांब घेतलाय!"

"लांबच होता."

"तुम्हीच घेतला होतात तेवढा!"

बाईंना हसू फुटलं, आणि एकदा फुटलं ते थांबेना. मास्तर शरमेने उभे होते, पण त्यांच्याही मिशीत हसू आलं.

"नुसते हातच का?" त्यांनी अखेर विचारलं.

"तोंडाला काही करावं लागत नाही. डोंगर उभा राहिला, झालं काम. पण उल्कावीर उडतो, बस उचलतो, हे कुणी खरं मानायचं, तर त्याला नाडी नीट बांधता आली पाहिजे. तेवढं मी मनाने काढू शकले नसते."

पुढल्या वर्षी सगळ्या अंकांचं एक पुस्तक निघायचं होतं. बाई म्हणाल्या, ते पान त्यात नव्याने काढू. ठरल्या दिवशी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून वर गेले.

"हे काय?" बाई म्हणाल्या. "मला मनगटापर्यंतच हवंय."

डोंगराला पुरुषी कोट घालून उभं केलं. मास्तर समोर उभे राहिले आणि त्यांनी पहिलं बटण धरलं. बटण काजात जाईना. जन्मभरात लाखभर बटणं लावली असतील, पण आता कुणीतरी बघतंय हे ठाऊक होतं, आणि दहाही बोटं पाहुण्यासारखी अवघडून बसली.

"भावोजी, मी लावू का?" डोंगर म्हणाला.

"तू गप्प राहा. पोट आत घे. मागच्या महिन्यात छातीला दोन इंच सोडलेत तुझ्या, आणि तू पुन्हा ते भरून काढलेस. काय खातोस काय? कोट आहे की तंबू? आणि श्वास सोड हळू, काज ताणतंय..."

बोलता बोलता चार बटणं लागली. पेन्सिल केव्हाची चालू होती.

पुस्तकात नीट काढलेलं पान आलं, डावी बाजू वर. चुकलेलं पान मास्तरांनी काचेत बसवून दुकानात लावलं. नवं गिऱ्हाईक आलं की ते विचारायचे, "ह्यात चूक काय आहे सांगा." लोक आभाळ बघायचे, पाणी बघायचे, हातांची बोटं मोजायचे. एकट्या डॉक्टरीणबाई तेवढ्या म्हणाल्या, "हा कोट माझ्या कोटासारखा वाटतो." बाकी कुणाला सापडलं नाही. मग मास्तर स्वतःच बोट ठेवून दाखवायचे आणि म्हणायचे, "ही चूक माझी. चित्र बाईंचं."

जुळी पहिलीत गेली त्या वर्षी, थंडीच्या सुरुवातीला, एका गुरुवारी सकाळी चित्रकारबाई वारल्या. त्या दिवशी मास्तरांनी टेबल मोकळं करून कोपऱ्यावर कात्री ठेवली, आणि काचेतल्या त्या चुकलेल्या काजावर फाटकं नख टेकवून ते उभे राहिले.